बोर्डावरचं कुंकू

दसऱ्याच्या सकाळी राहीबाई मिक्सरपाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात भाजलेल्या खोबऱ्याची ताटली, पदर डोक्यावरून नीट घेतलेला.

"ह्याला हात लावू का गं?"

रेश्माचं पोळीवरचं लाटणं थांबलं. मिक्सर राहीबाईंचाच. रेश्मा सून म्हणून या घरात आली त्याच्या आधीपासूनचा. त्याचं झाकण सैल झालेलं, ते तळव्यानं कसं दाबून धरायचं हे घरात त्यांनाच ठाऊक. तो घरघरायला लागला की त्याच्या सुरात सूर मिळवून त्या गुणगुणायच्याही.

"आत्या, असं काय विचारता. लावा की."

"न्हाई, इचारलेलं बरं. आमाला काय कळतंय त्यातलं."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर रेश्माला बरं वाटलं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं. हे नुसतं विचारणं होतं, पाहुणी बाई दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात विचारते तसं. काल संध्याकाळी त्यांनी पंख्याचं बटण विचारून दाबलं होतं. आज पहाटे फ्रिज विचारून उघडला होता. आणि मिक्सर चालू झाला तेव्हा त्याच्याबरोबर कुणी गुणगुणलं नाही.

काल काय झालं ते कळायला आधी दिव्यांचं सांगायला हवं.

राहीबाईंची लेक सुकन्या जर्मनीत नर्स आहे. जाताना तिनं दोन दिवे घेतले होते, कवठाएवढे, गोल, दुधी काचेचे. एक इथं सोनईच्या घरी देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवला, एक ती घेऊन गेली. इथल्या दिव्यावर तळवा ठेवला की तिकडचा लागायचा. तिनं तिकडं ठेवला की इथला. घरातलं वायफाय आणि कंपनीचं ॲप, एवढ्यावर सगळं चालायचं.

दिवेलागणीला राहीबाई आधी देवापुढं निरांजन लावायच्या आणि मग या दिव्यावर हात ठेवायच्या. तिकडं तेव्हा दुपार. सुकन्या खोलीवर असली तर थोड्या वेळानं इथला दिवा आधी पिवळा, मग केशरी व्हायचा. झालं, एवढंच. पण त्या उजेडात राहीबाई भाकरी थापायला बसल्या की भाकरीही गोल यायची, असं रेश्माला वाटायचं.

"फोनवर बोलायचं मंजी काय तरी इषय लागतो," त्या म्हणायच्या. "जेवली का, झोपली का, की संपलं. दिव्याला इषय लागत न्हाई."

राहीबाई ओव्या बांधायच्या. कुठं लिहिलेल्या नाहीत, नुसत्या जिभेवर. खुरपताना, निवडताना, मिक्सर चालू असताना. या दिव्यावरची ओवी तर आळीतल्या बायकांनाही पाठ होती:

*सांजच्या गं येळंला, दिवा लागला बिनवाती,*
*परमुलखी माझी लेक, तिचा हात माझ्या हाती.*

पोळा झाला आणि ती कंपनी बंद पडली. ॲपवर एक इंग्रजी निरोप आला आणि त्या दिवसापासून दोन्ही दिवे नुसते लाल लुकलुकत राहिले. राहीबाई तरीही रोज हात ठेवायच्या, बंद दारावर हळूच थाप मारावी तसा.

रेश्मानं आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेलं. पडवीत तिचं टेबल होतं. विहिरीवरची मोटर घरबसल्या फोनवरून चालू करायचे जे मोबाईल स्टार्टर असतात, ते ती दुरुस्त करायची. घोडेगावपासून माणसं डबे घेऊन यायची. तिनं इंटरनेटवर वाचलं, की दिव्याच्या चिपमधला कंपनीचा प्रोग्रॅम काढून आपला भरता येतो. मग कंपनी असो नसो, दोन्ही दिवे थेट एकमेकांशी बोलतील.

"मी करते आत्या," ती म्हणाली. सुकन्यानं नवरात्रात गावी येणाऱ्या मैत्रिणीबरोबर आपला दिवाही पाठवून दिला. आणि राहीबाईंनी आळीभर सांगितलं, "माझी सून दिव्याला नवं काळीज बसवनार हाय."

अष्टमीच्या संध्याकाळी रेश्मानं घरचा दिवा उघडला. आत बिस्किटाएवढा बोर्ड. मधोमध पत्र्याची टोपी, तिच्याखाली चिप. आणि कडेला सोनेरी ठिपके, एकेक तिळाहून लहान. त्या ठिपक्यांना केसासारख्या तारा जोडायच्या होत्या. राहीबाई मोबाईलचा टॉर्च धरून शेजारी उभ्या होत्या, श्वाससुद्धा बेतानं घेत.

"ही तार कशाची?"

"ही बोलायची. आणि ही ऐकायची. उलटसुलट जोडायच्या, ह्याचं तोंड त्याच्या कानाला."

"आन् ही?"

"ही चालू करताना जमिनीच्या तारेला धरून ठेवायची. म्हणजे चिप उठल्या उठल्या आपल्या कामाला पळत नाही, आपण काय सांगतो ते ऐकत बसते."

"कान धरल्यागत."

"हां, तसंच."

"पोरंबी आशीच आसती तर," राहीबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. टॉर्चचा उजेड हलला, तशी रेश्मा म्हणाली, "हसू नका, हसू नका," आणि स्वतःच आणखी हसली.

तारा जोडून झाल्या. राहीबाई स्वयंपाकाला आत गेल्या. रेश्मानं तारांची दुसरी टोकं लॅपटॉपला लावायच्या छोट्या यूएसबी कार्डात खोचली. पडद्यावर ठिपके उमटत राहिले आणि शेवटी, संपर्क होत नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिनं पत्र्याच्या टोपीवर बोट ठेवलं आणि झटकन उचललं. चटका बसला होता. थोडा वासही येत होता. डाग द्यायच्या पेस्टचा असेल, ती मनाशी म्हणाली. तेवढ्यात कोपरगावहून नवऱ्याचा फोन आला. बजरंग तिथल्या साखर कारखान्यात फिटर, गळीत हंगामाची तयारी चाललेली, दसऱ्याला यायला जमणार नव्हतं. बोलता बोलता तिनं तारा काढल्या आणि बोर्ड बाजूला सारला. सकाळी बघू. मनात एक कुसळ रुतलं होतं, ते तिनं काढलं नाही.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. हत्यारांची पूजा. राहीबाईंनी विळे, खुरपी, पहार, बजरंगचे पाने असं सगळं धुऊन पाटावर मांडलं. शेजारच्या पाटावर रेश्माची सोल्डरिंग गन, मीटर, पक्कड. रेश्मानंच आदल्या दिवशी सांगितलं होतं, माझंही मांडा म्हणून. आणि मधोमध झेंडूच्या पाकळ्यांवर राहीबाईंनी तो उघडा बोर्ड ठेवला. सगळ्यात मोठं काम त्याचंच होतं ना. कुंकू भिजवून त्यांनी अनामिकेनं पत्र्याच्या टोपीवर एक टिळा लावला, त्यावर तांदळाचा एक दाणा. शेजारच्या सुमनबाई आणि त्यांची सून मोनिका हळदीकुंकवाला आल्या होत्या. त्यांच्यादेखत राहीबाई नवी ओवी म्हणाल्या:

*सून माझी कारागीर, तारंला जोडी तार,*
*तुटल्या गं मायेला, टाके घाली हळुवार.*

रेश्मा न्हाऊन आली, पाटावरून बोर्ड उचलला, कार्डाला लावला. काहीच नाही. टोपीवर लाल टिळा ओला चमकत होता.

मग तिच्या तोंडून जे निघालं ते निघालं.

"हे कुणी केलं?"

"मी लावलं बाई. तुझ्या हत्याराला."

"ओलं कुंकू? बोर्डाला? अहो, शाळेतल्या पोराला कळतं पाणी आणि करंट. किती वेळा सांगितलं, कळत नाही त्याला हात लावू नका म्हणून. गेला आता हा. जळाला."

सुमनबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मोनिका खाली बघत होती. राहीबाईंनी कुंकवाचं बोट पदराला पुसलं, आणि पदराच्या टोकाला लाल डाग पडला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. रेश्मानं बोर्डाचा फोटो काढला, टिळा आणि तांदळाच्या दाण्यासकट, आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्याकडे चिपचीसुद्धा पूजा होते, म्हणून ती देवाघरी जाते.' बजरंगनं हसण्याची चित्रं पाठवली. चुलत दिरानं फोटो पुढं पाठवला. दुपारपर्यंत तो कुठं कुठं गेला.

संध्याकाळी राहीबाईंच्या फोनवर सुकन्यानं बोलून पाठवलेला निरोप आला. राहीबाईंना फोनमधलं लावता येत नव्हतं. त्यांनी फोन रेश्माच्या हातात दिला. "काय म्हनती बघ."

रेश्माला तो लावावा लागला. "आई," सुकन्या म्हणत होती, मागं कसलं तरी यंत्र टीं टीं वाजत होतं, "कळत नाही त्यात कशाला हात घालतेस गं. एवढं एकच तर होतं आपलं."

राहीबाईंनी ऐकलं. "बरोबर हाय तिचं," म्हणाल्या. आणि पंख्याच्या बटणाशी जाऊन विचारलं, "दाबू का?"

तर दसऱ्याच्या सकाळी वाटण झालं, पोळ्या झाल्या, आणि रेश्मा सुकन्याचा दिवा घेऊन टेबलापाशी बसली. हा एकच उरलेला. आता चूक परवडणार नव्हती. म्हणून तारा बोर्डाला जोडण्याआधी तिनं कार्डातून वीज किती येते ते मीटर लावून पाहिलं.

तीन व्होल्टच्या थोडं वर यायला हवं होतं. मीटरनं पाच दाखवले.

तिनं कार्ड उलटं केलं. त्याच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी काळी टोपी असते, ती इकडं बसवली की तीन, तिकडं बसवली की पाच. टोपी पाचावर होती. अष्टमीच्या सकाळी घोडेगावच्या गोरक्षचा स्टार्टर आला होता, त्याला पाच लागतात म्हणून तिनंच ती हलवली होती. परत आणायची राहिली. दिव्याच्या चिपला पाच सोसत नाहीत. तापते आणि जाते.

तापते.

बोटाच्या टोकाला परवाचा चटका पुन्हा बसला.

तिनं जुना बोर्ड घेतला, कापसानं कुंकू पुसलं. खाली पत्रा कोरडा होता. कुंकू कपाळावर बसावं तसं वरच्या वर बसलं होतं. तारांचे ठिपके तर पार दुसऱ्या कडेला. राहीबाईंनी टिळा लावला तेव्हा चिप आधीच गेलेली होती. अष्टमीच्या संध्याकाळी, रेश्माच्या बोटाखाली.

किती वेळा सांगितलं, असं ती म्हणाली होती. किती वेळा? तिनं आठवून पाहिलं. एकदाही नाही.

कानाच्या पाळ्या पेटल्यासारख्या झाल्या. पडवीत कुणी नव्हतं, तरी तिनं पदर पुढं ओढून घेतला.

वाट होती. ड्रॉवरमध्ये तसलीच एक नवी चिप पडलेली होती. जुनी काढून ती बसवायची. मग म्हणायचं, 'कुंकू पुसलं, नीट वाळवलं, चालला बघा आत्या.' वाक्य गोड होतं. सगळ्यांना आवडलं असतं, राहीबाईंनी सुस्कारा सोडला असता, सुकन्या खूश झाली असती. आणि पदरावरचा डाग तेवढा राहीबाईंचा राहिला असता. रेश्मानं ते वाक्य दोनतीनदा मनात म्हणूनही पाहिलं. म्हणताना ते आणखी गोड होत गेलं, तशी तिला स्वतःचीच किळस आली.

तिनं टोपी तीनावर आणली. सुकन्याच्या दिव्याला तारा जोडल्या. या वेळी लगेच संपर्क झाला, आकडे भराभर चढले आणि पडवीत दुधी उजेड पडला. एरवी ती ओरडत आत पळाली असती. ती बसून राहिली.

दुपार कलली तशी माणसं सोनं द्यायला येऊ लागली. ओट्यावरून हसण्याचे आवाज येत होते.

"राहीबाई, आमच्या ट्रॅक्टरला नका लावू बरं का कुंकू," सुमनबाईंचा दीर कारभारी म्हणत होता. "आजून हप्ते चालूत त्याचे."

"न्हाई बा," राहीबाईही हसत म्हणाल्या. "मी आता खुरप्याला बी इचारूनच हात लावते."

सगळे हसले. त्या हसण्यात राहीबाईंचं हसू रेश्माला वेगळं ऐकू आलं. आपली टर आपणच आधी उडवून घ्यायची, म्हणजे लोकांची कमी लागते, तसलं ते हसू होतं. कधीही कुणापुढं न वाकलेली बाई, आणि ही कला तिला एका दिवसात शिकावी लागली.

दिवेलागणीच्या सुमाराला ओट्यावर सुमनबाई, मोनिका आणि राहीबाई बसल्या होत्या. काल होत्या त्याच. रेश्मा आपट्याची पानं घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात जळका बोर्ड.

"आत्या, हा मी जाळला."

"काय?"

"तुमच्या कुंकवानं काही झालं नव्हतं. मी परवाच जास्तीची वीज दिली ह्याला. संध्याकाळीच गेला होता."

सुमनबाई म्हणाल्या, "आगं पन ओलं कुंकू हुतं की त्याच्यावर."

"पत्र्यावर होतं मावशी. आत काही गेलं नाही."

"जाऊ द्या ताई," मोनिका पुटपुटली. "सणासुदीचं कशाला."

राहीबाई बोर्डाकडं बघत होत्या, हात मांडीवरच ठेवून. "कवा कळलं तुला?"

"सकाळी."

"सकाळी." त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. "मंग कारभारी बोलत हुता तवा तुला ठावं हुतं."

रेश्माला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "हो," ती म्हणाली. "आत बसून ऐकत होते. धीर झाला नाही." आणि मग, आता थांबले तर कायमचीच थांबेन असं वाटून, "आणि परवा संध्याकाळी मला चटकाही बसला होता आत्या. तेव्हाच कळायला हवं होतं. काल तुम्हाला बोलले तेव्हा मला ते आठवलं नाही. आठवून घ्यायचं नव्हतं."

रेश्मानं फोन काढला, ग्रुप उघडला आणि तिथंच, तिघींच्या समोर, बटण दाबून धरलं. "रेश्मा बोलतेय. कालच्या फोटोतला बोर्ड माझ्या चुकीनं जळाला. आत्यांच्या कुंकवाचा काही दोष नाही. मी तसं लिहिलं ते खोटं होतं. ज्यांनी ज्यांनी फोटो पुढं पाठवला त्यांनी हेही पाठवा. सुकन्याताई, तुम्ही आईंना बोललात ते माझ्यामुळं."

आवाज मध्येच फाटला होता. पुन्हा बोलून नीट करावंसं वाटलं, पण तिनं तसाच जाऊ दिला.

सुमनबाई उठल्या. "चल गं मोनिका, आपल्याकडं बी मानसं यायचीत," म्हणाल्या, आणि पायरी उतरताना राहीबाईंना, "बघ बाई, मी कालच मनात म्हनलं हुतं."

"मनातच म्हनलं ना," राहीबाई म्हणाल्या.

रेश्मा वाकली, पाया पडली, पानं त्यांच्या हातात दिली. एरवी त्या डोक्यावर हात ठेवून गाल कुरवाळायच्या. आज त्यांनी पानं तेवढी घेतली.

"चार जनीत बोललीस, चार जनीत सांगितलंस. हे बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पन काल रातभर मी इचार करत हुते, माझ्या हातानं माझ्या लेकीचा दिवा इझला. ते काय फोनवर सांगून निघत न्हाई."

"नाही आत्या."

फोनवर सुकन्याचं काही आलं नव्हतं. राहीबाईंनी एकदा त्याच्याकडं पाहिलं. "डूटीवर आसल," त्या म्हणाल्या. मग, "आपला दिवा हुईल का?"

"होईल. दुसरी चिप आहे. तुम्ही टॉर्च धराल?"

"धरीन की. लांबून धरते."

त्या खरोखर लांब उभ्या राहिल्या. उजेड टेबलापर्यंत येता येता पातळ व्हायचा. रेश्मानं जुनी चिप उतरवली, नवी बसवली. तारा जोडताना ठिपके दिसेनात.

"जवळ या ना."

"हितनं दिसतंय."

"मला दिसत नाही आत्या."

त्या एक पाऊल पुढं आल्या. पुढच्या तारेला आणखी एक. रेश्मानं आधी मीटर लावून आकडा पाहिला, त्यांनाही दाखवला, आणि मगच कार्ड जोडलं. प्रोग्रॅम भरला गेला. तिनं तारा काढल्या, बोर्ड दिव्यात बसवला, काच फिरवून घट्ट केली आणि आतून कुंकवाचा करंडा आणून त्यांच्यापुढं धरला.

राहीबाईंनी करंडा घेतला. बोट आत गेलं आणि थांबलं.

"वलं का कोरडं?"

ओलं म्हणणं सोपं होतं, पण ते पुन्हा गोडच झालं असतं.

"कोरडं," ती म्हणाली.

"व्हय. आता सांगितलंस."

त्यांनी काचेवर कोरडं कुंकू टेकवलं.

सुकन्याचा दिवा अजून इथंच होता, त्याच टेबलावर, वीतभर अंतरावर. रेश्मानं त्याच्यावर तळवा ठेवला. राहीबाईंचा दिवा आधी पिवळा झाला, मग केशरी. कुंकवाचा ठिपका त्या उजेडात काळा दिसत होता.

राहीबाई बघत राहिल्या. देव्हाऱ्यात निरांजन लावायचं होतं, अंधार पडला होता, त्या जातील असं रेश्माला वाटलं. गेल्या असत्या तरी चाललं असतं.

त्यांनी तळवा पदराला पुसला, लाल डाग होता तिथंच, आणि न विचारता दिव्यावर ठेवला.

रेश्माच्या बोटांच्या फटींतून उजेड वर आला. तिचा हात आतून तांबडा दिसू लागला, एकेक नस दिसावी इतका. तिनं तो तसाच ठेवला. मान मात्र वर झाली नाही.